पत्रादेवीच्या वाटेवरचे हसू

चवथीला मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी घरी आली की एक खेळ हमखास होतो. माटोळी बांधताना घरातले कुणी पेडणेकरी बोलीत काही बोलते, शहरातली मुले त्याची नक्कल करतात आणि घरभर हशा पिकतो. आम्हीही हसतो. यंदा मात्र या हसण्याच्या मागे थोडे जाऊन पाहावे असे वाटले. निमित्त आहे ते निरनिराळ्या प्रांतांची माणसे एकत्र आणून हसवणाऱ्या चित्रपटांचे.

त्यातला आपल्या सर्वांच्या परिचयाचा म्हणजे १९७२ सालचा ‘बॉम्बे टू गोवा’. एस. रामनाथन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या १९६६ च्या तमिळ चित्रपटावरून घेतलेला. एका बसमध्ये तऱ्हेतऱ्हेची माणसे कोंबलेली, कंडक्टर मेहमूद, आणि ‘पकोडा, पकोडा’ म्हणत आक्रोश करणारा दक्षिणेकडचा तो गुटगुटीत मुलगा. प्रत्येकाच्या बोलण्याची, खाण्याची थट्टा होते, पण कुणी सुटत नाही. एकाच बसमध्ये बसल्यामुळे सगळे सारखेच.

पेडणेकरांना या प्रवासाचे आणखी एक अप्रूप आहे. मुंबईहून बांद्यावरून येणारी गाडी गोव्यात शिरते ती पत्रादेवीला. याच पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच हुतात्मा झाले. तेव्हाही वेगवेगळ्या प्रांतांची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसे याच वाटेने आली होती. पुढे गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. चित्रपट आला तेव्हा मुक्तीला जेमतेम दहा वर्षे झाली होती. मुंबईहून बसने हसतखेळत गोव्यात यावे, ही गोष्टच नवी होती. आम्हाला तो चित्रपट आवडतो तो यासाठीही.

परंतु हिंदी चित्रपटांनी गोव्याचा माणूस दाखवला तो एकाच साच्यातला. १९७३ च्या ‘बॉबी’तला प्रेमनाथ यांचा जॅक ब्रागांझा आठवावा. दिलदार, मोठ्या आवाजाचा, पिणारा. पुढे हाच साचा पुन्हा पुन्हा वापरला गेला. त्या गोव्यात शिरगावची लईराईची जत्रा नाही, नार्व्याचा सप्तकोटेश्वर नाही, पेडण्याचा दशावतार नाही. आमचा विसर पडला, आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची थट्टा झाली. खरे तर दोघांवरही अन्यायच.

आमची थट्टा दुसरीकडून आली. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणून तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर देव, जत्रा आणि बोली यांचे नाते राहिले, आणि दशावतारही सामाईक राहिला.

आडदशावतारातला संकासुर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. देव ग्रंथातल्या मराठीत बोलतात आणि काळ्या वेषातला संकासुर आपल्या बोलीत. दोन भाषांच्या या टकरीतून हसू उसळते. पण समोर बसलेला सारा गाव संकासुराचीच बोली बोलणारा. तो भटजीला, प्रसंगी गावच्या मानकऱ्यालाही चिमटे काढतो. गाव हसतो तो त्याच्या बाजूने.

हेच गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने केले. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात गावकरी महाभारतातला प्रयोग बसवतात आणि राजेमहाराजे मालवणीत बोलू लागतात. मच्छिंद्र कांबळी यांनी ती बोली शहरी रंगमंचाच्या मधोमध आणून बसवली. ‘गुपचुप गुपचुप’ (१९८३) या चित्रपटात अशोक सराफ यांचा प्रोफेसर धोंड त्याच वळणाने बोलला आणि लाडका झाला. मात्र त्यानंतर पाहावे तर नायकाच्या तोंडी पुस्तकी मराठी आणि गड्याच्या तोंडी आमची बोली, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी झालेली दिसते. बोली तीच, पण ऐकणाऱ्याची जागा बदलली.

या बदललेल्या जागेचा अर्थ आम्हाला कळला तो नोकरीत. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात खिडकीपाशी एक म्हातारी आली. तिने विचारले, ‘‘बाबा, हो कागद खंय दिवचो?’’ आतल्या एका तरुणाने तेच वाक्य सिनेमातल्या सुरात म्हणून दाखवले. सगळे हसले. आम्हीही हसलो. म्हातारी हसली नाही. तिने कागद पदराखाली घेतला आणि काही न बोलता बाकावर जाऊन बसली. आमची आई तशीच बोलायची, हे आम्हाला त्या क्षणी आठवले. उठून आम्ही तिचा कागद घेतला, पण हसू काही परत घेता आले नाही.

आज आमच्या घरातलीच मुले पाहुण्यांसमोर सूर बदलून बोलतात. त्यांना कुणी रागावलेले नाही. आपली बोली ही हसण्याची गोष्ट आहे, एवढेच त्यांनी पडद्यावरून आणि आमच्याकडून उचलले.

हसू बंद करा असे आमचे म्हणणे नाही. चवथ हसण्याखेरीज कसली? फक्त बसमधल्यासारखे सगळ्यांना मिळून हसावे, संकासुरासारखे वर बसलेल्याला हसावे. यंदा माटोळीखाली मुलांनी नक्कल केली तर आम्ही त्यांना त्याच बोलीत एक गजाल सांगणार आहोत. ती कळली आणि तिच्यावर ती हसली, तर चवथ चांगली झाली असे आम्ही समजू.