तबकडीची खरी किंमत

आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत, तेव्हाची गोष्ट. जुन्या बाजारात मला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची 78 फेऱ्यांची तबकडी दिसली. दुकानदाराने तीनशे मागितले, अडीचशेत सौदा झाला. स्वस्तात मिळाली, या खुशीत घरी आलो.

अब्बांच्या तबकड्या थोरल्या आपाच्या लग्नात विकल्या गेल्या होत्या. चावीचा ग्रामोफोन तेवढा उरला होता. त्याची स्प्रिंग तुटलेली. कारागिराने बाराशे घेतले. पोलादी सुई दर बाजूला नवी लागते, म्हणून सुयांच्या डब्या आल्या. अडीचशेची तबकडी सतराशेला पडली.

हा छुपा खर्च तबकडीच्या जन्मापासूनचा आहे. 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन बोटीने परत येत. तबकडीत लागणारी लाख मात्र मुख्यतः हिंदुस्थानातलीच! 1908 मध्ये कोलकात्यात कारखाना निघाला, तेव्हा कुठे ही ये-जा थांबली.

आज अशा वस्तू लिलावातही निघतात. तिथे हातोडा पडतो, ती रक्कम शेवटची नसते. समजा, बोली 10,000 वर थांबली. लिलावघराचा अधिभार 20 टक्के असेल, तर 2,000 वाढले. त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 360. वस्तूवरचा कर, पॅकिंग, कुरिअर आणि विमा निराळा. लाखेची तबकडी काचेसारखी फुटते. माझी एक टपालातून दोन तुकडे होऊन आली, पैसे बुडाले. म्हणून बोली लावण्याआधी अटी वाचाव्यात, आणि फुटल्यास भरपाई कोण देणार, हे लेखी घ्यावे.

आणखी एक. तबकडी घेतली म्हणजे गाणे आपले झाले, असे नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांच्या हयातीतल्या तबकड्यांची ती मुदत केव्हाच संपली. ते सूर आज मोबाइलवर फुकट ऐकता येतात. मग आपण पैसे मोजतो कशाचे?

पोलादी सुई दर वेळी खाचा थोड्या झिजवते, हे कळल्यावर मी तबकडी कपाटात ठेवली. दोन दिवसांनी अब्बा म्हणाले, "बेटा, कुलपात ठेवायला आणलीस का? लाव."

मी नवी सुई बसवली.