वालाला रात्र कळते



मृग तोंडावर आला की वालाची विचारणा सुरू होते. बी कधी टाकायचं? रोप करून लावलं तर चालेल का? पहिलं बी कुजलं, आता उशीर झाला का? प्रश्न साधे आहेत, पण एका वाक्यात उत्तर दिले तर ते निम्म्या लोकांना चुकीचे पडते. कारण सुरगाण्याच्या पट्ट्यात आता दोन स्वभावांचे वाल पेरले जातात. एक घरचा, मांडवावर चढणारा. दुसरा दुकानातल्या पाकिटातला, गुडघा-मांडीएवढाच राहणारा. दोन्ही एकाच दिवशी टाकले तर एकाचे साधते आणि दुसऱ्याचे पैसे पाण्यात जातात, आणि तेही अगदी खऱ्या पाण्यात. असे का होते हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. वाल, पावटा, घेवडा ही नावे गावागणिक बदलतात. या पत्रकात वाल म्हणजे मांडवावरची चपटी शेंग, जिच्या दाण्याला एका कडेने पांढरी रेघ असते. फरसबी किंवा श्रावण घेवडा म्हणजे गोल, कोवळी शेंग. तिचाच वाळलेला दाणा म्हणजे राजमा. ही दोन वेगवेगळी पिके आहेत. वाल मूळचा आफ्रिकेतला, असे शास्त्रज्ञ मानतात. पण तो आपल्याकडे फार जुन्या काळी आला. कर्नाटकात बेल्लारीजवळ संगनकल्लू इथल्या उत्खननात वालाचे जळके दाणे सापडले आहेत, त्यांना साडेतीन हजार वर्षे झाली. फरसबी त्यामानाने कालची पाहुणी. ती अमेरिका खंडातली; कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतरच ती जगभर गेली. फरसबी हे नावही ‘फ्रेंच बीन’ घासून घासून झालेले.

आता मुख्य गोष्ट. मांडवाचा घरचा वाल मृगात टाका, आषाढात टाका, नाहीतर श्रावणात टाका. कळी दिसते ती पावसाची झड सरल्यावरच, हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास. जातीप्रमाणे आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे. आधी टाकलेला वेल आधी फुलत नाही, नुसता मोठा होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पाठ असते. शास्त्राला मात्र त्याचे कारण सापडायला विसावे शतक उजाडावे लागले.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहराजवळ आर्लिंग्टन इथे सरकारी प्रयोगशेत होते. तिथे गार्नर आणि अॅलार्ड हे दोघे शास्त्रज्ञ तंबाखू आणि सोयाबीनवर काम करत होते. बिलॉक्सी नावाचे सोयाबीन त्यांनी काही काही दिवसांच्या अंतराने, उन्हाळाभर पेरत नेले. पहिल्या आणि शेवटच्या पेरणीत महिन्यांचे अंतर, पण सगळे फुलले सप्टेंबरमध्येच! खत, पाणी, ऊन, थंडी यांतल्या कशानेच हे कोडे सुटेना. शेवटी १९१८ च्या जुलैत त्यांनी कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. दिवस आखूड केल्याबरोबर झाडे भर उन्हाळ्यात फुलली. १९२० साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की झाड खरे तर दिवस मोजत नाही, रात्र मोजते. काटेरी बोंडांचे, कपड्यांना चिकटणारे गोखरूसारखे एक तण त्यांनी घेतले. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तर त्या तणाला फूल येईना.

आपला घरचा वाल याच कुळीचा. सुरगाण्यात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे तेरा तास वीस मिनिटांचा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांच्याही आत येतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळजवळ सारखी, त्यापुढे रात्र मोठी. वेल याच खुणेची वाट पाहतो. रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन बाकी शेत पिकले तरी हिरवेच राहते, हे अनेकांनी पाहिले असेल. तेव्हा मांडवावर रात्रभर उजेड पडेल असा दिवा अंगणात लावू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणखी एक बारीक मुद्दा. पुष्कळ जण वालाचा हिशोब दसऱ्यावर करतात. जातींची नावेसुद्धा दसरा वाल, दीपाली वाल अशी आहेत. पण दसरा चंद्रावर चालतो. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला आला, २०२५ साली २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक! वेलाला हे कसे कळणार? पावसाची नक्षत्रे मात्र सूर्यावर चालतात. मृग दरवर्षी ७-८ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. वेलही सूर्याचाच हिशोब ठेवतो. म्हणून वालासाठी जुन्या माणसांची नक्षत्रांची मोजणी सणांपेक्षा भरवशाची आहे.

यातून आपल्या कामाचे काय निघते? घरचे बी पहिल्या पावसात कुजले तर घाबरून जाऊ नका. नागलीची आवणी उरकल्यावर पुन्हा टाकले तरी फुलाची वेळ चुकत नाही. वेल लहान राहील, तोडे कमी मिळतील, एवढेच. मृगातल्या वेलाला चार महिने अंग धरायला मिळतात, म्हणून तो मांडव भरून टाकतो. कोकणात भात कापल्यावर शेताच्या अंगओलीवर कडवे वाल पेरतात, ते वीतभर-दोन वीत असतानाच का फुलतात, तेही इथेच कळते: रात्र आधीच मोठी झालेली असते, वाढायला सवड नसते. तिथे म्हणूनच बी दाट पेरतात.

पाकिटातल्या बुटक्या जातींची कथा वेगळी. वेल बाजारात एकाच हंगामात येतो, भाव पडतो, म्हणून रात्रीकडे न पाहता फुलणारा वाल शास्त्रज्ञांनी तयार केला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण भूषण, बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची अर्का जय या अशा जाती. त्या पेरणीपासूनचे दिवस मोजतात. साधारण दीड महिन्यात फूल, दोन महिन्यांच्या आसपास पहिला तोडा. फरसबीची कंटेंडर ही अमेरिकेतून आलेली जातही याच वळणाची. असे बी मृगात टाकले तर फूल येणार आषाढ-श्रावणाच्या धारांत. उंबरठाण-बाऱ्हेकडे काय पाऊस पडतो ते आम्ही तुम्हांला सांगायला नको. फूल झडते, शेंगेला डाग पडतो, मुळे पाण्यात गुदमरतात.

म्हणून इथे उलटी मोजणी करावी. पावसाचा जोर कधी ओसरतो ते आपल्या गावाप्रमाणे धरा आणि तिथून दीड महिना मागे या. ती पेरणीची वेळ. आमच्या मते सुरगाण्यात ती मघा-पूर्वा नक्षत्रांत, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पडते. येवला-नांदगावचा शेतकरी जून-जुलैत पेरतो म्हणून आपणही पेरावे, असे नाही. जिल्हा एक असला तरी आभाळ एक नाही. हातगड-बोरगावच्या माथ्यावर, जिथे थंडी चांगली पडते, तिथे फरसबीला फार उशीरही करू नये. तिला कडक गारठा सोसत नाही आणि दव गोठले तर कोवळे रोप मरते. तीसच्या वर पारा गेला तर फूल गळते, हेही ध्यानात असू द्या. पाण्याची सोय असेल तरच जानेवारीअखेर पुन्हा पेरणीचा विचार करावा.

राहिला रोपांचा प्रश्न. नागली-भाताची रोपे राबावर करून लावतो, मग वालाची का नको? राबाचा इतिहास मोठा आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आली, तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. पुढे १९१२ मध्ये हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबाची माती तपासून पुस्तिका लिहिली. राबाचा गुण राखेइतकाच माती तापण्यातही आहे, असे त्यांच्या कामातून पुढे आले. पण राबावर जोमाने आलेले नागलीचे रोप उपटणे सोसते ते त्याच्या जातीमुळे. ते गवताच्या कुळातले, बुडख्यातून नवी मुळे फोडते. वालाला एकच सोटमूळ. ते तुटले की रोप आठ-दहा दिवस नुसते उभे राहते, बरीचशी मरतात.

तेव्हा वाल जागेवरच टोकावा, हे उत्तम. मांडवाच्या खांबाशी वीतभर उंच मातीचा ढीग करून, कुजलेले शेणखत मिसळून, तीन-चार दाणे टाकावेत आणि पुढे दोन जोमदार रोपे ठेवावीत. दाणा बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको. उगवताना वालाची मान वाकडी असते आणि तो डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतो. वर माती थापली गेली असेल तर मान मोडते. रोपच करायचे झाले, तर पळसाच्या पानाच्या द्रोणात किंवा छोट्या पिशवीत, वळचणीचे पाणी लागणार नाही अशा उजेडाच्या जागी करावे. पहिली खरी पाने उलगडली की लावावे, त्याहून मोठे होऊ देऊ नये. पाऊस उघडलेल्या दिवशी, उन्हं कलल्यावर लावावे. द्रोण तसाच पुरावा. पिशवी असेल तर फाडून मातीचा गोळा न फोडता ठेवावा.

घरचे बी मात्र सोडू नका. बुटका वाल भाजीबाजारासाठी चांगला, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण मांडवाचा वाल महिनोन्महिने पाऊस सोसून शेवटी हमखास फुलतो, तो गुण विकत मिळत नाही. कळसूबाईच्या पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असलेच गावठी वाल आणि घेवडे जपून बियाणे बँक उभी केली. बीबीसीने २०१८ साली जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचे नाव घेतले, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या कायद्यानेही घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

बियासाठी निरोगी वेलावरच्या भरल्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. चिंधी बांधून खूण करावी म्हणजे घरातले कोणी भाजीला तोडणार नाही. वालात मधमाशीमुळे थोडा संकर होतो, म्हणून बियाचा वेल बुटक्या वालापासून जमेल तितका लांब असावा. दाणे उन्हात खडखडीत वाळवून, चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवून गाडग्यात भरावेत. वर चिठ्ठी टाकावी: बी घरचे की पाकिटातले, कधी टाकले आणि पहिली कळी कोणत्या नक्षत्रात दिसली.