जोडणाऱ्याची बोटं

अमेरिकेच्या युटा राज्यातलं प्रोमॉन्टरी म्हणजे तसं आडरानातलं ठिकाण. पण 1869 साली पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून टाकत आणलेले रूळ याच परिसरात एकमेकांना भिडले, सोन्याचा खिळा ठोकण्याचा समारंभ झाला आणि त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत गेलं. 5 ऑगस्ट 1900 रोजी इथे जॉन्सन नावाचा एक ब्रेक्समन सदर्न पॅसिफिक कंपनीचं इंजिन गाडीच्या भोजन-डब्याला जोडत होता. इंजिनाला स्वयंचलित कपलर होता, डब्यालाही होता. दोन्ही धडधाकट. फक्त एक जॅनी पद्धतीचा, दुसरा मिलर पद्धतीचा, आणि ते एकमेकांत बसत नव्हते. बाहेर उभं राहून केलेले प्रयत्न फसल्यावर जॉन्सन दोहोंच्या मधे शिरला. त्याचा हात चिरडला आणि मनगटाच्या वरून कापावा लागला.

असे अपघात टाळण्यासाठी केलेल्या कायद्याची वाढवून दिलेली मुदत चारच दिवसांपूर्वी, 1 ऑगस्टला संपली होती.

त्याआधीचा जमाना कडी आणि खिट्टीचा. डब्याच्या टोकाला लोखंडाचं पोकळ तोंड असे. त्यात लांबट कडी सरकवायची आणि वरून खिट्टी टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. पण समोरून मालाची वाघीण, म्हणजे मालडबा, चालत येत असताना ती कडी हाताने उचलून नेमकी पलीकडच्या तोंडात घालायची आणि दोन डबे भिडायच्या आत हात बाहेर काढायचा, हे काम पावसात, बर्फात, रात्री कंदिलाच्या उजेडात करावं लागे. त्यात प्रत्येक कंपनीच्या डब्यांची उंची वेगळी, कड्या वेगळ्या. एखाद-दोन बोटं गेलेला माणूस कामावर आला की हा या धंद्यात मुरलेला आहे, असं यार्डातले मुकादम धरून चालत, असं सांगतात.

उपायांचा दुष्काळ मात्र कधीच नव्हता. कपलरची पेटंटं हजारोंनी निघाली. अडचण त्या भाऊगर्दीचीच होती. अमेरिकेत एका कंपनीची वाघीण माल घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाई. एखाद्या कंपनीने स्वतःपुरता उत्तम कपलर बसवला, तरी शेजारच्या कंपनीची वाघीण समोर उभी राहिली की पुन्हा कडी-खिट्टीच काढावी लागे. म्हणजे खर्च स्वतःचा आणि फायदा दुसऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे जो तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला.

यातून मार्ग काढणारा एली जॅनी हा इंजिनिअर नव्हताच. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला आणि युद्धानंतर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात कापडाच्या दुकानात कारकुनी करणारा माणूस. खिशातल्या चाकूने लाकूड तासून त्याने नमुना बनवला आणि 1873 साली पेटंट मिळवलं. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवावीत, तसा हा आकडा. त्याचं बिजागरीवर फिरणारं बोट म्हणजे नकल. डबे भिडले की नकल आपोआप आत वळते आणि वरची खीळ पडून ती जागेवर पक्की होते. सोडवायचं झालं तर डब्याच्या कडेला दांडा असतो. तो उचलला की झालं. माणसाने मधे जायचं कारणच उरत नाही.

1887 साली मास्टर कार बिल्डर्स असोसिएशनने जॅनी पद्धतीची जोडणी प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि जॅनीने आकड्याच्या बाह्याकृतीवरचा आपला हक्क सोडून दिला. ही गोष्ट त्याच्या शोधाइतकीच मोलाची ठरली. आता कुठलाही कारखानदार आतली रचना हवी तशी करू शकत होता. बाहेरचा आकार तेवढा सगळ्यांचा एक. जुन्या डब्यांशी गाठ पडणारच होती, म्हणून मधल्या काळातल्या नकलमध्ये कडीसाठी खाच आणि खिट्टीसाठी भोकही ठेवलं जाई.

तरीही मालगाड्यांचे मालक ढिम्म होते. त्यांच्यामागे हात धुऊन लागला तो आयोवातला शेतकरी आणि युद्धकाळात पलटणीत धर्मगुरू असलेला लोरेन्झो कॉफिन. 1874 मध्ये प्रवासात त्याने डबे जोडताना एका ब्रेक्समनची बोटं तुटलेली पाहिली, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं सभा, पत्रं, अधिवेशनं यांत घालवली. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीही संसदेपुढे आकडे ठेवले: जून 1888 ला संपलेल्या वर्षात रेल्वेचे दोन हजारांवर कामगार मेले होते आणि वीस हजारांवर जखमी झाले होते. 2 मार्च 1893 रोजी, पद सोडायला दोन दिवस उरले असताना, हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली. डबे नुसत्या धक्क्याने जोडले जावेत आणि सोडवताना माणसाला मधे जावं लागू नये, एवढीच त्याची मागणी. 1898 ची मुदत कंपन्यांनी 1900 पर्यंत लांबवून घेतली.

मग जॉन्सनचा खटला आला. कनिष्ठ न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. इंजिन म्हणजे काही डबा नव्हे, आणि दोन्हींना स्वयंचलित कपलर होते, मग कायदा मोडला कुठे, असा युक्तिवाद होता. 1904 साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. इंजिनालाही कायदा लागू आहे आणि समोरच्या कपलरशी आपोआप जुळत नसेल तर तो कपलर कायद्याने पुरेसा नाही, असं सरन्यायाधीश फुलर यांनी ठरवलं. कपलरची परीक्षा एकट्याने घेता येत नाही, हे आता कायद्याचंही म्हणणं झालं.

जपानने हा धडा वेगळ्या तऱ्हेने गिरवला. डब्यांचे जोड टप्प्याटप्प्याने बदलले तर मधली कित्येक वर्षं अर्धी गाडी उरलेल्या अर्ध्या गाडीला जोडता येणार नाही, म्हणून एकाच दिवशी सगळं बदलायचं ठरलं. नवे कपलर आधीपासूनच वाघिणींखाली टांगून ठेवले होते. 17 जुलै 1925 रोजी होन्शू बेटावरच्या मालगाड्या थांबवून कामगारांनी जुने साखळीचे जोड काढले आणि नवे बसवले. तीन दिवसांनी क्यूशूची पाळी आली.

भारतात 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. इथल्या रेल्वेने जोडणीची पद्धत ब्रिटनचीच उचलली. दोन बाजूंना बफर, मधे आकडा आणि आट्यांचा जोड. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या हेन्री बूथने 1830 च्या दशकात शोधलेला हा जोड, म्हणजे स्क्रू कपलिंग, भारतीय प्रवासी डब्यांना एकविसाव्या शतकापर्यंत पुरला. त्यात धक्के कमी बसतात, पण पॉइंट्समनला बफरांमधे वाकून शिरावं लागतं, कडी समोरच्या आकड्यात टाकून दांडा पिळावा लागतो. शिवाय टक्कर झाली की डबे एकमेकांवर चढू शकतात.

जोडावर किती ताण येतो हे समजून घ्यायचं तर बोरघाट पाहावा. घाटाचा चढ 37 ला 1. गाडी नुसती पुढून ओढली तर इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर सगळ्या डब्यांचा भार येतो. म्हणून कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात आणि ती गाडी ढकलत लोणावळ्याला नेतात. ती लागेपर्यंत प्रवाशांचे वडे खाऊन होतात. मालवाघिणींना जॅनीच्या कुळातला मध्यवर्ती कपलर आधीच आला होता. एलएचबी या नव्या धर्तीच्या डब्यांबरोबर तो प्रवासी गाड्यांतही पसरला. 1930 पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनला हे डबे जून 2022 मध्ये मिळाले. मधल्या काळासाठी बफर आणि नवा कपलर असं दोन्ही असलेली इंजिनंही रेल्वेला बाळगावी लागली.

जोडाची दोन्ही टोकं एकमेकांशी जुळायला हवीत, हा नियम मोटारीमागे जोडायच्या ट्रेलरलाही लागू पडतो. अमेरिकेत दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरचा गोळा सर्रास चालतो, तर युरोपात 50 मिलिमीटरचा. फरक मिलिमीटरहून कमी; तरी युरोपी कपलर अमेरिकी गोळ्यावर नीट बसत नाही, आणि उलट जोडणी केली तर ती सैल राहून खड्ड्यात उसळी मारू शकते. म्हणून गोळ्यावर आणि कपलरवर माप आणि वजनाची मर्यादा कोरलेली असते, आणि दोन्हींपैकी जी मर्यादा कमी ती धरायची असते. त्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेऊन अडकवतात. कपलर निसटलाच, तर ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न आपटता त्या साखळ्यांवर तोलला जातो.