पडदा वाढला, खुर्च्या घटल्या

नोकरीचा पहिला पगार झाला तेव्हा मी ठरवलं होतं, बाबांना इरॉसला सिनेमा दाखवायचा. २०१९ सालची गोष्ट. फोनवर शोधलं तर थिएटरच्या नावाखाली लाल अक्षरांत आलं, 'कायमचं बंद'. बाबांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "राहू दे. बाहेरून बघितलंय ना."

बाहेरून म्हणजे पंचवीसेक वर्षं. बाबा मशीद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहायचे. खर्डीहून पहाटेची लोकल, रात्री परतीची कसारा. आठवड्यातून एकदा पेढीचे कागद घेऊन त्यांना चर्चगेटच्या एका ऑफिसात जावं लागायचं. व्हीटीहून चालत गेलं की ओव्हल मैदानाच्या टोकाला इरॉस दिसायचं. पोस्टर बघायचं, घड्याळ बघायचं आणि पुढे निघायचं. सहाचा शो बघितला असता तर घरी पोचायला मध्यरात्र झाली असती आणि पहाटे पुन्हा गाडी होतीच.

मी इंजिनियर माणूस. एखादी गोष्ट बंद पडली की ती का बंद पडली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. इरॉसच्या कुलपामागे लागलो आणि हळूहळू मोठ्या पडद्यांचा सगळा इतिहासच वाचत गेलो. त्यातलं जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. माझ्या आठवणीत खर्डीत कधी थिएटर नव्हतं. आजीनं आयुष्यातला पहिला सिनेमा पाहिला तो म्हशाच्या जत्रेत. मुरबाड तालुक्यातलं म्हसा. पौष पौर्णिमेला तिथे खांबलिंगेश्वराची, म्हणजे आपल्या म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे. त्या काळी मोकळ्या मैदानात तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे. ट्रकवर प्रोजेक्टर, मध्ये बांधलेलं पांढरं कापड. आजी सांगायची, गर्दी एवढी व्हायची की कापडाच्या मागच्या बाजूलाही माणसं बसायची. त्यांना सगळं उलटं दिसायचं, पण कुणाची तक्रार नसायची. पडदा दोन धोतरांएवढा आणि माणसं बाजारभर.

मी पाहिलेला पहिला मोठा पडदा वडाळ्याचा. २००६ साल असेल, मी तिसरीत होतो. पेढीच्या मालकांनी बाबांना दोन तिकिटं दिली होती. कसारा लोकलनं कुर्ला, तिथून हार्बर, मग बस. भक्ती पार्कमधला तो पांढरा घुमट लांबूनच दिसला आणि मला वाटलं, हे देऊळ आहे. आत गेल्यावर खुर्चीत मागे रेलून बसायचं आणि वर बघायचं. पडदा समोर नव्हताच, डोक्यावरून पाठीमागे गेला होता. समुद्राखालची फिल्म होती. एक देवमासा माझ्या अंगावरून गेला तेव्हा मी बाबांचा हात घट्ट धरला. त्यांचाही हात घट्टच होता, हे मला पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं.

हा घुमट २००१ मध्ये अ‍ॅडलॅब्सनं उभा केला. मनमोहन शेट्टींची ही कंपनी मूळची सिनेमाची रिळं धुणारी लॅब. आयमॅक्सचं तंत्र कॅनडातलं. १९७० साली जपानमध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात त्याची पहिली फिल्म दाखवली गेली. युक्ती ऐकायला सोपी आहे. साधी ३५ मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमधून उभी सरकते. आयमॅक्सवाल्यांनी ७० मिलिमीटरची फिल्म घेतली आणि ती आडवी पळवली. त्यामुळे एका चित्राला कडेची पंधरा भोकं लागतील एवढी जागा मिळाली. चित्र नेहमीच्या कितीतरी पट मोठं झालं, म्हणून ते चार-पाच मजली पडद्यावर ताणलं तरी फाटत नाही. तुम्ही फोनवर जुना फोटो झूम केला की तो पिक्सेलमध्ये फुटतो ना, त्याच्या बरोबर उलट.

पण एवढी फिल्म सांभाळणं महाग. २०२३ मध्ये 'ओपेनहायमर' आला तेव्हा त्याची आयमॅक्स प्रिंट सुमारे १८ किलोमीटर लांब आणि २७० किलोच्या आसपास वजनाची होती. ती चालवू शकतील अशी ठिकाणं जगात तेव्हा ३० उरली होती आणि भारतात एकही नव्हतं. २००८ पासून आयमॅक्सनं डिजिटल प्रोजेक्टर आणले. पाटी तीच राहिली, आतलं यंत्र बदललं.

वडाळ्याच्या घुमटाचा मालक तर वारंवार बदलला. २००५ मध्ये अ‍ॅडलॅब्स रिलायन्सच्या अनिल अंबानी समूहाकडे गेली, मग पाटी बिग सिनेमाजची झाली. २०१४ च्या अखेरीस कार्निव्हलनं बिग सिनेमाज विकत घेण्याचा करार केला. २०२० च्या टाळेबंदीत देशातले सगळे पडदे काळे झाले, त्यात हाही होता. पुढे दुसऱ्या कुणीतरी तो चालवायला घेतला. दर वेळी मला तीच भीती वाटायची की या वेळी घुमट जाणार.

अशी भीती इतरांनीही अनुभवली आहे. इंग्लंडमध्ये बोर्नमथ नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथे अगदी किनाऱ्यावर आयमॅक्स थिएटर बांधलं आणि २००२ मध्ये ते सुरू झालं. लोकांचा राग असा की या इमारतीमुळे समुद्रच दिसेनासा झाला. २००५ मध्ये थिएटर बंद पडलं, पुढे नगरपालिकेनं इमारत विकत घेतली आणि २०१३ मध्ये पाडून टाकली. टोरांटोत ओंटारिओ तलावाकाठी सिनेस्फिअर आहे. १९७१ चं, आयमॅक्सचं जगातलं पहिलं कायमचं थिएटर. तेही २०१२ मध्ये बंद झालं, पाच वर्षं तसंच पडून राहिलं आणि २०१७ मध्ये उघडलं. दोन्ही ठिकाणी वाद सिनेमाचा कमी आणि पाण्याकाठच्या जागेचा जास्त होता.

इरॉसची गोष्टही जागेपासूनच सुरू होते. ते उभं आहे ती जमीन शंभरेक वर्षांपूर्वी समुद्र होती. १९२० च्या दशकात सरकारनं बॅकबेमध्ये भराव टाकायला घेतला. त्या कामातल्या गैरव्यवहारावर खुर्शीद नरिमन यांनी रान उठवलं होतं. नरिमन पॉइंटला नाव आहे ते त्यांचंच. या भरावावर पुढे मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हलच्या इमारती आल्या. इरॉस बांधलं शियावक्स कंबाटा यांनी, आराखडा सोहराबजी भेदवार यांचा. १० फेब्रुवारी १९३८ ला ते उघडलं. आग्र्याचा लाल दगड, क्रीम रंग, कोपऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा गोल मनोरा, आत काळापांढरा संगमरवर. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. खुर्च्या होत्या १,२०४.

हा आकडा लक्षात ठेवा.

१९३३ मध्ये रीगल, १९३८ मध्ये इरॉस आणि त्याच वर्षी मेट्रो. चालत जाता येईल एवढ्या अंतरात तीन राजवाडे. पण राजवाड्यात स्टॉलची खुर्ची स्वस्त असायची. बाल्कनीत साहेब आणि खाली कारकून, पडदा मात्र दोघांना एकच. एका शोला हजाराच्या वर माणसं बसवायची तर तिकीट सगळ्यांना परवडेल असंच ठेवावं लागायचं. त्या धंद्याचं गणितच तसं होतं.

ते गणित नंतर फिरलं. टीव्ही आला, व्हिडिओ कॅसेट आली. २००१ च्या सुमारास राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. हजार खुर्च्यांचं एक थिएटर मंगळवारच्या दुपारी रिकामं पडायचं. त्यापेक्षा दोनशे-अडीचशे खुर्च्यांचे चार पडदे आणि जास्त तिकीट, हे मालकाला परवडू लागलं. मेट्रो २००६ मध्ये मल्टिप्लेक्स झालं. इरॉस एकाच पडद्यावर तग धरून राहिलं. मग जानेवारी २०१७ मध्ये कोर्टातल्या वादातून इमारतीला सील लागलं. बाबा २०१६ मध्ये पेढीवरून निवृत्त झाले होते. म्हणजे त्यांचं चर्चगेटला जाणं थांबलं आणि काही महिन्यांत इरॉसही थांबलं.

जून २०१८ मध्ये गंमत झाली. युनेस्कोनं मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्यात इरॉस होतं. जगाचा वारसा, आणि दाराला कुलूप. २०२३ मध्ये आतल्या तोडफोडीचे फोटो फिरले आणि 'इरॉस पाडतायत' अशी ओरड झाली. मीही तो फोटो तीन ग्रुपवर पाठवला होता. इमारत पडली नाही, काम आतल्या भागात चाललं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये इरॉस पुन्हा उघडलं. आता तिथे आयमॅक्सचा पडदा आहे आणि खुर्च्या तीनशेच्या आसपास. इमारतीच्या बाकीच्या भागात दुकानं आली.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. बोर्नमथसारखं झालं असतं तर तिथे काचेचा टॉवर दिसला असता. जुनं थिएटर जसंच्या तसं चालू ठेवायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. १,२०४ खुर्च्यांत साठ माणसं बसवून कुणाचा पगार निघणार? पण आकडे शेजारी शेजारी मांडले की मला अस्वस्थ वाटतं. पडदा वाढत गेला आणि त्याच्या समोरच्या खुर्च्या चौथ्या हिश्श्यावर आल्या. वारशाच्या यादीत दगड येतो, मनोरा येतो, दर्शनी भिंत येते. स्टॉलची खुर्ची त्या यादीत येत नाही. दर्शनी भाग वाचला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि जो माणूस त्या दारातून आत जायचा तो कुठे गेला हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडे हे जरा जास्त टोचतं. तानसा, मोडकसागर, भातसा, मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आमच्या शहापूर तालुक्यातल्या या धरणांतून जातो. तानसा तर १८९२ पासून. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात. पाणी तिकडे जातं, माणसं तिकडे जातात. निदान सिनेमाची एक खुर्ची तरी परवडावी, एवढीच अपेक्षा.

शेवटी २०२४ च्या पावसाळ्यात बाबांना घेऊन गेलोच. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एका तिकिटाच्या पैशात त्यांचा तेव्हाचा महिन्याचा पास सहज निघाला असता, पण ते मी सांगितलं नाही. मनोऱ्याखाली ते क्षणभर थांबले आणि सवयीनं घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "बाबा, आज गाडीची घाई नाही." आत पडदा उजळला तेव्हा मी सिनेमा सोडून त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

मध्यंतरात दिवे लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं, रांगा मोजल्या. हिशेबनीस माणूस. म्हणाले, "एवढा मोठा पडदा, आणि माणसं एवढीच?"

परतीच्या गाडीत ते कल्याणपर्यंत गप्प होते. गर्दी उतरल्यावर खिडकीची जागा मिळाली. टिटवाळा गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती पडले?" मी खरा आकडा सांगितला. ते बाहेर बघत राहिले. आटगाव गेलं. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तिलापण दाखवायला पाहिजे पण."