कंपवाताच्या औषधाची भरती-ओहोटी

रोगावर औषध सांपडलें कीं त्या रोगाचा इतिहास संपला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कंपवाताच्या बाबतींत मात्र इतिहासाचा कठीण भाग औषध सांपडल्यानंतरच सुरू झाला. १८१७ सालीं लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं अवघ्या सहा रोग्यांवरून या विकाराचें वर्णन लिहिलें. त्यांतले कांहीं तर त्यांनीं केवळ रस्त्यांत पाहिलेले होते! वर्णन उत्तम, परंतु रोग्याच्या हातीं देण्याजोगें त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें.

औषध कसें हातीं आलें त्या कथेंत आपल्या देशाचाहि वांटा आहे. सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो हें मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं इंग्लंडांतील एका वैद्यकीय नियतकालिकांत मांडलें व पाश्चात्य वैद्यांचें लक्ष तिच्याकडे वेधलें. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. १९५७ सालीं स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनीं तेंच रेसर्पिन सशांना टोंचलें तेव्हां ते निश्चल होऊन पडले. पुढें डोपा नांवाचें द्रव्य देतांच ते पुन्हां हालचाल करूं लागले. हें डोपा आमच्या खाजकुहिलीच्या बियांतहि आहे, व मद्रास येथें दामोदरन् आणि रामस्वामी यांनीं १९३७ सालींच तें त्यांतून शुद्ध स्वरूपांत काढलें होतें. त्याचा उपयोग मात्र तेव्हां कोणासच उमगला नव्हता.

१९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर व होर्निकिएविच यांनीं कंपवातानें मृत झालेल्यांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामीनचा मोठा तुटवडा आढळला. डोपापासूनच शरीरांत डोपामीन बनतें. म्हणून पुढच्याच वर्षीं बिर्कमायर यांच्या साह्यानें रोग्यांना लेव्होडोपा शिरेंतून देण्यांत आलें. (इसवी सन २००० चें नोबेल पारितोषिक देतांना होर्निकिएविच यांना वगळलें गेलें, तो अन्यायच होय असें आम्हांस वाटतें.) गुण आला, पण तो कांहीं तासच टिकला. अल्प मात्रेपासून आरंभ करून धीरानें ती वाढवीत तोंडावाटे औषध देण्याची रीत जॉर्ज कोट्झियास यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंत घालून दिली, तेव्हां वर्षानुवर्षें खिळून पडलेलीं माणसें चालूं लागलीं.

परंतु १९६९ सालच्या लेखांत खुद्द कोट्झियास यांनींच नोंदलें कीं, कित्येक रोग्यांच्या अंगांत आपोआप वेडीवांकडी हालचाल होऊं लागते. कांहीं वर्षांनीं दुसरें विघ्न दिसलें. सकाळच्या गोळीचा अंमल पूर्वीं दुपारपर्यंत पुरत असे. तो आतां दोन-तीन तासांतच ओसरूं लागला. कोणाकोणाचे पाय तर चालतां चालतां एकाएकीं जमिनीस चिकटल्यासारखे होत, व थोड्या वेळानें तितक्याच अचानक सुटत. १९७६ सालीं लंडनमध्यें मार्सडेन व पार्क्स यांनीं या चढउतारांचें सविस्तर विवेचन केलें.

कारण समजण्यास अवघड नाहीं. लेव्होडोपाचें रक्तांतील प्रमाण सुमारें दीड तासांत निम्म्यावर येतें. आरंभीं मेंदूंत शिल्लक असलेल्या पेशी डोपामीनचा सांठा करून तें बेताबेतानें सोडतात. पुढें त्या पेशीच झिजल्या म्हणजे कोठार नाहींसें होतें, आणि रोज कमावून रोज खाणाऱ्या संसाराप्रमाणें मेंदू सर्वस्वीं रक्तांत त्या घटकेस काय आहे त्यावर अवलंबून राहतो. त्यांत अन्नाची अडचण. दूध, डाळ, अंडीं यांतील प्रथिनांचे घटक आंतड्यांतून व पुढें मेंदूंत शिरतांना लेव्होडोपाच्याच वाटेनें जातात, आणि गर्दींत औषध मागें पडतें. म्हणून गोळी जेवणापूर्वीं घेणें व प्रथिनें मुख्यतः रात्रीच्या जेवणांत ठेवणें ही युक्ति चढउतार होणाऱ्यांस सांगण्यांत येते. तीहि वैद्याच्या देखरेखीनें, नाहींतर वजन घटतें.

बाकीचे उपायहि बहुतेक या एकाच सूत्राचे: पुरवठा सतत राहावा. मात्रा लहान करून अधिक वेळां देणें. लेव्होडोपा रक्तांत अधिक काळ टिकविणारें एन्टाकापोन जोडणें. आपोमॉर्फिन त्वचेखालीं टोंचणें. औषध नळीनें थेट लहान आंतड्यांत सोडणें. मेंदूंत विद्युत्शलाका बसविण्याची ग्रेनोबल येथील बेनाबिद यांची शस्त्रक्रिया १९८७ सालीं कंपासाठीं आरंभिली गेली. १९९३ पासून ती मेंदूच्या दुसऱ्या केंद्रावर योजिल्यावर चढउतारांतहि गुण दिसला.

या अनुभवांतून एक भीति मात्र पसरली, कीं औषध लवकर सुरू केलें तर तें लवकर निकामी होतें. पुष्कळ वैद्यांनीं तें मुद्दाम लांबविलें, आणि कित्येक घरांत वडील माणसें थरथरत्या हातांनीं पेला सांवरीत, पुढें उपयोगी पडावें म्हणून, गोळीवांचून दिवस काढतात. या भीतीची कसोटी आफ्रिकेंत लागली. घानामध्यें दारिद्र्यामुळें व औषधाच्या दुर्मिळतेमुळें रोग्यांना लेव्होडोपा सरासरीनें दुखणें जडल्यावर सुमारें चार वर्षांनीं मिळे, तर इटलींत सुमारें अडीच वर्षांनींच. औषध राखून ठेवल्यानें फायदा होत असता, तर घानांतील रोग्यांचे चढउतार उशिरां यावयास हवे होते. १९१४ नव्हे, २०१४ सालीं, म्हणजे औषधास जवळजवळ अर्धें शतक लोटल्यावर, प्रसिद्ध झालेल्या या तुलनेंत दिसलें तें असें, कीं दोन्ही देशांत चढउतार दुखण्याच्या साधारण त्याच वर्षीं सुरू झाले. त्यांचा संबंध औषध किती वर्षें घेतलें याच्याशीं नसून दुखणें किती पुढें गेलें व रोजची मात्रा किती मोठी आहे याच्याशीं होता. घानांतील रोग्यांचीं वाट पाहण्यांत गेलेलीं तीं वर्षें कांहीं परत आलीं नाहींत.