बाप्तिस्मा : कराराची खूण

ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बुडवणे’. मराठी कॅथलिक याला ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो आयुष्यात एकदाच होतो.

मराठी बायबलच्या दोन्ही भागांच्या नावात ‘करार’ आहे, पण हा खरेदीखतासारखा घासाघीस करून ठरलेला करार नव्हे. इथे देव आपणहून वचन देतो, माणूस ते पदरात घेतो. अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण सुंता होती. कलस्सैकरांस लिहिताना प्रेषित पौल बाप्तिस्म्याला तिच्या शेजारी बसवतो. रोमकरांस पत्रात तो आणखी पुढे जातो : पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे.

देवाचे वचन आधी, असे मानणारे तान्ह्या बाळाच्या कपाळावरही पाणी ओततात. बाळाच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता उत्तरे देतात. मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी ते मूल स्वतः होकार देते. याउलट ज्यांना माणसाची कबुली आधी हवी, ते समजत्या वयातच बाप्तिस्मा देतात. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा, त्याने सर्वांदेखत ‘हो’ म्हणायचे, मग त्याला पूर्ण बुडवून वर काढायचे. नंदुरबार-नवापूर पट्ट्यात स्वीडिश अलायन्स मिशनच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या याच परंपरेतल्या.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे प्रौढांनाच देणारे बॅप्टिस्ट व ब्रदरनही. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य ठेवल्या. एकाच कराराच्या या दोन बाजू आहेत, हे तिथे ओळखले गेले. मराठी मुलुखातली ही फार मोलाची घटना.

कराराची किंमत कळते ती मात्र घराघरांत. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. त्यांचा स्वतःचा होकार १९०० मध्ये आला. नवऱ्याचा बाप्तिस्मा बायकोच्या कबुलीची जागा घेऊ शकला नाही. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या बरोबरीने न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.