स्मृतिभ्रंश आणि सर्दी-खोकल्याची औषधे

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया असलेल्या व्यक्तीला सर्दी-खोकला झाल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांची निवड हा वृद्धवैद्यकातील महत्त्वाचा व्यावहारिक प्रश्न आहे. तरुण माणसाला केवळ थोडी गुंगी आणणारी गोळी अशा रुग्णात एका रात्रीत गोंधळ, भास, लघवी अडणे किंवा पडून हाड मोडणे यांना कारण ठरू शकते. साधी सर्दी विषाणुजन्य असून ती बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होते. दुकानात मिळणारी औषधे लक्षणे सौम्य करतात, मूळ आजार बरा करीत नाहीत. लाभ थोडा आणि धोका मोठा असल्यामुळे या रुग्णांच्या बाबतीत औषध देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक घटक तपासणे आवश्यक ठरते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासातील अंदाजानुसार भारतातील ६० वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. यांपैकी बहुसंख्य रुग्णांची देखभाल घरीच होते आणि सर्दीची गोळी कोणती द्यावयाची हा निर्णय बहुधा सून, मुलगी, जोडीदार किंवा कोपऱ्यावरचा औषधविक्रेता घेतो.

ॲसिटिलकोलीनशी असलेला संबंध

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांपैकी ॲसिटिलकोलीन हे स्मरण आणि अवधान यांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. अल्झायमर आजारात हे रसायन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास होतो, असे १९७० च्या दशकातील संशोधनातून पुढे आले. त्याच आधारावर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलेंटामिन ही औषधे तयार झाली. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला ती अडवतात आणि उरलेसुरले ॲसिटिलकोलीन अधिक काळ उपलब्ध राहते.

सर्दीच्या जुन्या औषधांचे कार्य नेमके याउलट आहे. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन यांसारखी पहिल्या पिढीतील हिस्टामिनरोधी औषधे हिस्टामिनबरोबर ॲसिटिलकोलीनचीही वाट अडवतात. अशा गुणधर्माला कोलीनरोधी परिणाम म्हणतात. नाकाचा स्राव सुकतो तो मुख्यतः याच परिणामामुळे. परंतु त्याच वेळी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते, दृष्टी अंधुक होते, लघवी अडते आणि विचारांत गोंधळ होतो. हा परिणाम पराकोटीला गेल्यास काय होते ते धोतऱ्याच्या विषबाधेवरून महाराष्ट्रातील वाचकाला सहज समजेल. धोतऱ्यातील ॲट्रोपिन व स्कोपोलामिन ही द्रव्ये कोलीनरोधीच आहेत आणि धोतरा खाल्लेल्या माणसाचे बरळणे, नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहणे, तापलेली कोरडी त्वचा व विस्फारलेल्या बाहुल्या ही सर्व त्याच यंत्रणेची लक्षणे होत. सर्दीच्या एका गोळीतील मात्रा त्यामानाने फार सौम्य असते. पण ॲसिटिलकोलीनचा साठा आधीच रोडावलेल्या मेंदूला तेवढीही पुरेशी होऊ शकते. वृद्धांच्या यकृत-मूत्रपिंडांची गती मंदावलेली असल्याने ही औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

येथे एक विसंगती वारंवार आढळते. डोनेपेझिल व त्या वर्गातील औषधांमुळे शरीरातील स्राव वाढतात. काही रुग्णांचे नाक त्यामुळेच वाहते. घरच्यांना ती सर्दी वाटते, सर्दीची गोळी सुरू होते आणि एक औषध दुसऱ्याला निष्प्रभ करीत राहते. ताप, घसादुखी किंवा खोकला नसताना नुसते पाणी गळणारे नाक आठवडेच्या आठवडे टिकले असेल, तर आधी चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखविणे योग्य. स्मृतिभ्रंशाचे औषध मात्र परस्पर बंद करू नये.

अमेरिकन वृद्धवैद्यक डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी अनुचित औषधांची जी सूची तयार केली ती बीअर्स निकष या नावाने ओळखली जाते. २०१२ पासून अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी तिच्या आवृत्त्या प्रसिद्ध करीत असून २०२३ च्या आवृत्तीतही पहिल्या पिढीतील हिस्टामिनरोधी औषधे वृद्धांनी, आणि कोलीनरोधी औषधे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनी टाळावीत असे म्हटले आहे. ही औषधे दीर्घकाळ घेतल्याने स्मृतिभ्रंश उद्भवतो का, हा निराळा प्रश्न आहे. सिॲटल परिसरातील ६५ वर्षांवरील ३,४३४ व्यक्तींच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा औषधांचे एकूण सेवन सर्वाधिक असलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला होणारा तात्काळ त्रास मात्र वादातीत आहे.

टाळावयाचे घटक

क्लोरफेनिरामिन हा भारतातील सर्दीच्या मिश्र गोळ्यांत सर्रास आढळणारा घटक असून वेष्टनावर तो क्लोरफेनिरामिन मॅलिएट किंवा नुसता सीपीएम असा लिहिलेला असतो. डायफेनहायड्रामिन खोकल्याच्या काही औषधांत असते. 'बेनाड्रिल' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेले पातळ औषध हे त्याचे परिचित उदाहरण. फेनिरामिन ('एव्हिल'), प्रोमेथाझिन ('फेनर्गन'), डॉक्सिलामिन, ट्रायप्रोलिडिन आणि ब्रोमफेनिरामिन हीही याच कुळातील. परदेशस्थ नातेवाइकांनी आणून दिलेल्या औषधांबाबत विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेतील 'टायलेनॉल पीएम' मध्ये डायफेनहायड्रामिन आणि 'नायक्विल' मध्ये डॉक्सिलामिन असते. रात्री शांत झोप लागावी म्हणून घातलेला हा घटकच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मध्यरात्री उठून घरभर फिरायला लावू शकतो.

चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी पोटात घ्यावयाच्या औषधांत स्यूडोएफेड्रिन आणि फिनाईलएफ्रिन हे दोन घटक येतात. स्यूडोएफेड्रिनमुळे रक्तदाब व हृदयाचे ठोके वाढतात, झोप उडते, अस्वस्थता येते आणि पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांत लघवी अडू शकते. फिनाईलएफ्रिनची गोष्ट निराळी. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने पोटात घेतलेले फिनाईलएफ्रिन नाक मोकळे करण्यास परिणामकारक नाही असा निष्कर्ष १६ विरुद्ध ० मतांनी काढला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने हा घटक मान्य यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. भारतातील अनेक मिश्र गोळ्यांत तो अजूनही आहे. ज्याचा उपयोगच संशयास्पद आहे तो घटक रक्तदाबाच्या वृद्ध रुग्णाला देण्यात काही हशील नाही.

कोरड्या खोकल्यावरील डेक्स्ट्रोमेथॉर्फन सरसकट वर्ज्य नाही, पण ते चालू औषधांशी ताडून पाहावे लागते. स्मृतिभ्रंशाबरोबर नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन यांसारख्या औषधांशी त्याचा संयोग झाल्यास सेरोटोनिनचे प्रमाण धोकादायक रीतीने वाढू शकते. पार्किन्सन आजारावरील सेलेजिलिन व रासाजिलिन यांच्यासोबत ते देऊ नये. मेमँटिन हे स्मृतिभ्रंशाचे औषध आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतील एकाच प्रकारच्या ग्राहीवर कार्य करतात, म्हणून ती एकत्र देणेही टाळले जाते. कोडिनयुक्त औषधाने गुंगी, बद्धकोष्ठता आणि संभ्रम संभवतो. भारतात ते चिठ्ठीविना विकता येत नाही.

लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन आजारातील स्मृतिभ्रंश यांत भास हे मूळचेच लक्षण असते. अशा रुग्णांत कोलीनरोधी औषधांनी भास विकोपाला जाऊ शकतात.

मिश्र औषधे आणि वेष्टनाचे वाचन

भारताच्या औषध नियम, १९४५ मध्ये एच, एच१ आणि एक्स या अनुसूचींतील औषधांना चिठ्ठी आवश्यक आहे; मात्र प्रत्यक्षात दुकानदाराला 'सर्दीची गोळी द्या' म्हटले की तीन-चार घटकांची मिश्र गोळी हाती पडते. मिश्र गोळीतील पॅरासिटामॉल उपयोगी, क्लोरफेनिरामिन घातक, फिनाईलएफ्रिन निरुपयोगी आणि कॅफिन झोपमोड करणारे, अशी स्थिती असल्यास चांगले तेवढे निवडून घेण्याची सोय राहत नाही. त्यामुळे एका लक्षणासाठी एकच घटक असलेले औषध घेण्याची शिफारस केली जाते.

व्यापारी नाव हा भरवशाचा आधार नव्हे. एकाच नावाखाली 'प्लस', 'कोल्ड', 'डीआर', 'ॲडव्हान्स्ड' अशी शेपटे जोडून निराळ्या घटकांची औषधे विकली जातात. 'क्रोसिन' च्या साध्या गोळीत केवळ पॅरासिटामॉल असते, तर त्याच नावाच्या सर्दीवरील गोळीत इतर घटकही असतात. पट्टीच्या मागील बारीक अक्षरांतील घटकांची नावे वाचणे किंवा वाचून घेणे याला पर्याय नाही. गोळ्या कापून सुट्या घेतल्यास हा मजकूर अनेकदा दुकानातच राहतो; म्हणून अशा रुग्णासाठी पूर्ण पट्टी घेणे बरे.

मिश्र औषधांतील दुसरा धोका पुनरावृत्तीचा आहे. तापासाठी पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ४ वेळा दिल्यास २,६०० मिलिग्रॅम होतात. त्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी ३ वेळा दिली की बेरीज ४,१०० मिलिग्रॅमवर जाते. प्रौढांसाठीची २४ तासांची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम असून कृश, वयोवृद्ध किंवा यकृतविकाराच्या रुग्णांसाठी डॉक्टर ती आणखी खाली ठेवतात. गोळी घेतल्याचे रुग्णाला आठवत नसल्याने तो ती पुन्हा मागतो किंवा स्वतःच घेतो. औषधे कुलपात ठेवून प्रत्येक मात्रेची वेळ वहीत लिहिणे, विशेषतः देखभाल करणाऱ्या व्यक्ती पाळीपाळीने बदलत असल्यास, आवश्यक असते.

तुलनेने सुरक्षित पर्याय

ताप व अंगदुखीसाठी एकच घटक असलेले पॅरासिटामॉल ही पहिली निवड होय. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांमुळे जठरात रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा आणि हृदयविकारात पाणी साठणे संभवते; डोनेपेझिल वर्गातील औषधेही जठराम्ल वाढवीत असल्याने हा धोका अधिक गडद होतो.

चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब किंवा फवारा सर्वांत निर्धोक. दिवसातून अनेकदा वापरला तरी चालतो आणि कोणत्याही औषधाशी त्याचा संघर्ष होत नाही. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब डॉक्टरांना विचारून फार तर ३ दिवस वापरावेत; त्यानंतर नाक औषधामुळेच पुन्हा चोंदू लागते.

हिस्टामिनरोधी औषध खरोखरच हवे असेल, उदाहरणार्थ ॲलर्जीच्या शिंका असतील, तर फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिन ही दुसऱ्या पिढीतील औषधे मेंदूत फारशी शिरत नाहीत. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्यावे. फळांच्या रसाने त्याचे शोषण घटते. सेटिरिझिन व लिव्होसेटिरिझिन जुन्या औषधांहून बरी असली तरी काहींना त्यांनी झोप येते आणि मूत्रपिंड क्षीण असल्यास मात्रा कमी करावी लागते. विषाणुजन्य सर्दीत मात्र या दुसऱ्या पिढीतील औषधांचा फारसा उपयोग होत नाही.

घरगुती उपाय

घरगुती उपाय आपोआप सुरक्षित ठरत नाहीत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चादर ओढून वाफ घेण्याची पद्धत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात भाजण्याचा मोठा धोका निर्माण करते आणि सर्दीत वाफेचा लाभ अभ्यासांतून सातत्याने दिसलेला नाही. कोमट पाण्याने स्नान हा अधिक बरा पर्याय. कापूर, मेंथॉल व निलगिरी तेल असलेले मलम छातीला लावण्यास हरकत नसते. परंतु डबी रुग्णाच्या हाती लागू देऊ नये. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, आणि मलम, अमृतधारा किंवा देवघरातील कापराची वडी खाण्याची वस्तू समजून तोंडात टाकली जाण्याची शक्यता या आजारात खरीखुरी असते.

खोकल्यासाठी मध उपयुक्त आहे, मधुमेह असल्यास बेताने. ज्येष्ठमधाचा काढा सतत घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे चालू असल्यास ते अधिक संभवते. लवंग, खडीसाखर, चघळावयाच्या गोळ्या आणि गुळण्या यांचा विचार गिळण्याच्या क्षमतेवरून करावा. आजाराच्या पुढच्या टप्प्यात घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाला गुळण्या करावयास सांगू नये.

पातळ डाळ, पेज किंवा सूप थोडे थोडे पाजत राहणे हे दिसायला साधे काम औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण तहान लागल्याचे हे रुग्ण सांगत नाहीत आणि शरीरातील पाणी कमी झाले की गोंधळ वाढतो.

संभ्रम अचानक वाढल्यास

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत रुग्ण एकदम बदलला, माणसे ओळखेनासा झाला, भास होऊ लागले किंवा उलट दिवसभर गुंगीत पडून राहू लागला, तर ती डिलिरियम नावाची तीव्र संभ्रमावस्था असू शकते. तिचे कारण नुकतेच दिलेले औषध असू शकते, तसेच न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. वृद्धांत संसर्ग असूनही ताप न येणे सामान्य आहे. अशा वेळी सर्दीचे औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि दिलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, काढे व मलमांसह, सोबत न्याव्यात. झोप येत नाही किंवा आरडाओरडा करतो म्हणून घरातले झोपेचे औषध देणे हा या प्रसंगी सर्वांत घातक उपाय ठरतो.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, लघवी न होणे, पाणी गिळता न येणे किंवा जागे करूनही नीट जाग न येणे या स्थितीत तातडीने रुग्णालय गाठावे. इन्फ्लुएन्झाचा संशय असल्यास लवकर तपासणी करण्याचे आणखी एक कारण आहे: ओसेल्टामिव्हिर हे विषाणुरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते. रुग्णाबरोबरच त्याची देखभाल करणाऱ्यांनीही ती घेतल्यास घरात संसर्ग येण्याची शक्यता घटते.